उष्ट्या हळदीची सभा

शिवारवेल सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की शेजारीपाजारी त्याला दोन गोष्टी आधी सांगत. मोरीत फिनेल ओतायचं नाही आणि देवणीकर बाईंशी वाद घालायचा नाही. पहिली चूक यंत्राच्या लक्षात येई, दुसरी अख्ख्या इमारतीच्या.

पुष्पलता देवणीकर यांची उभी नोकरी एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून गेली होती. पुढाऱ्याचा मेहुणा हात हलवत धावत येत असला तरी त्यांची गाडी वेळेवर सुटायची. निवृत्त झाल्यावर त्या सोसायटीच्या सेक्रेटरी झाल्या आणि तीच शिस्त इमारतीला लागली. स्वतःच्या मुलाची मोटरसायकल दुसऱ्याच्या जागेत दिसली, तेव्हा त्यांनी त्याचं नाव नोटीस बोर्डावर लावलं होतं. मल्हार तेव्हा नोकरीला लागलेला घोडनवरा होता. बाईंच्या हाताखाली वाढूनही तो हसरा राहिला, याचं लोकांना नवल वाटे.

हाच मल्हार दुसऱ्या मजल्यावरच्या शर्वरी सोनटक्केशी लग्न करणार होता. शर्वरीचे वडील, विश्वनाथ सोनटक्के, चष्म्यांचं दुकान चालवत आणि सोसायटीत पहिल्यापासून भाड्याने राहत. बाईंबद्दल शर्वरीच्या मनात एक सल होता. ती शाळेत असताना एका सभेत बाबा लिफ्टबद्दल बोलायला उभे राहिले होते. "सोनटक्के, तुम्ही भाडेकरू. बसून ऐका," असं बाई म्हणाल्या आणि बाबा खाली बसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते बसले, आणि त्यानंतर कुठल्याच सभेत उभे राहिले नाहीत.

बाईंचा धाक होता, पण सोसायटी जगली होती तीही त्यांच्याचमुळे. लातुरात नळाला पाणी येईल असा भरवसा त्या सुमाराला कुणी धरत नव्हतं. शिवारवेलच्या तळघरात मात्र कुंड होतं. सगळ्या घरांतलं आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी एकाच नळीने तिथे उतरे. कुंडात जाळीच्या पडद्यांवर शेवाळ आणि जिवाणूंची हिरवी साय वाढवलेली होती. जिवाणू साबण, तेल आणि मळ खात, शेवाळ त्यांना प्राणवायू पुरवी. उन्हातला लाल आणि निळा रंगच शेवाळाला मुख्यतः उपयोगी पडतो, म्हणून कुंडावर लाल आणि निळे दिवे जळत, आणि सायीची तब्येत बघून एक यंत्र ते कमीजास्त करी. स्वच्छ झालेलं पाणी बारीक गाळण्यांतून गच्चीवर चढे आणि पुन्हा त्याच नळांना येई.

ही साय मेली तर नवी धरायला पुरा पावसाळा जावा लागे. शेजारच्या वसाहतीत कुणीतरी पाहुणे येणार म्हणून मोरीत ॲसिड ओतलं होतं. तिथल्या दारांना अजून कुलपं होती आणि माणसं नातेवाइकांकडे पांगली होती. म्हणून शिवारवेलच्या उपविधींत फिनेल, ॲसिड, ब्लीच यांच्यावर बंदी होती. सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय कुंडात हाताने काही टाकायचं नाही, असंही कलम होतं. हळदीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. रोजच्या आमटीतली चिमूटभर हळद कुंड पचवत होतं, आणि आजवरची लग्नं लागली होती ती मंगल कार्यालयात. दोन्ही घरं एकाच इमारतीत असल्यामुळे या वेळी हळद पहिल्यांदाच दारात व्हायची होती. बाईंनी उपविधी दोनदा वाचून परवानगी दिली, आणि सात वाजायच्या आत वाजंत्री वाजता कामा नये, एवढीच अट घातली.

हळदीच्या दिवशी सकाळी खालच्या मांडवात आधी मल्हारला हळद लागली. मामे, मावस, चुलत सगळ्या भावंडांनी एकमेकांना माखून घेतलं, वर जाऊन खसाखसा साबण लावून आंघोळी केल्या आणि मग नवरदेवाची उष्टी हळद वाजतगाजत दुसऱ्या मजल्यावर आली. शर्वरी पाटावर बसली. बायकांनी आंब्याच्या पानांनी तिच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला हळद लावली, आणि मग पानं बाजूला टाकून दोन्ही हातांनी थापली. तेलात कालवलेल्या हळदीचा तो ओला वास तिला फार आवडला.

एवढ्यात तिची मावसबहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई, तुमच्या भिंतीवरच्या पट्टीलापण हळद लागली की काय? पिवळी झालीय."

बायका हसल्या. शर्वरीने मात्र मान वळवून आत पाहिलं. ती पट्टी कुंडाची तब्येत दाखवी, आणि तिने ती आजवर फक्त हिरवी पाहिली होती. ती पाटावरून उठली. "अगं, मध्येच उठू नये," असं मावशी म्हणेपर्यंत ती जिन्यात पोचली होती.

तळघरात मल्हार आधीच उभा होता, केस अजून ओले. कुंडावरचे निळे दिवे कधी नव्हे इतके प्रखर झाले होते आणि त्या उजेडात पाणी पिवळसर हिरवं चमकत होतं. पडद्यांवरची साय कडेने फिकट पडून सुटायला लागली होती.

"यंत्र म्हणतंय साय अशक्त झालीय, म्हणून त्यानं निळा उजेड वाढवलाय," मल्हार म्हणाला. "कुंड बसवणाऱ्या कंपनीला कळवलं. त्यांचा माणूस परवा येणार. तोवर कशाला हात लावू नका म्हणायले."

ती चमक शर्वरीला ओळखीची होती. कृषी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना तिने दोन वर्षं हाच प्रयोग केला होता. कापलेल्या फळांवर हळदीचं पाणी शिंपडायचं, निळ्या दिव्याखाली ठेवायचं आणि किती जंतू मेले ते मोजायचं. अंधारात हळद तशी गरीब. निळा उजेड पडला की तिच्यातला पिवळा रेणू तो शोषून घेतो आणि शेजारच्या प्राणवायूला चिथावतो. तो चिथावलेला प्राणवायू जवळ सापडेल त्या जिवाणूचं आवरण फाडतो. कुंडात प्राणवायूला तोटा नव्हता, तेला-साबणाने हळद पाण्यात छान मिसळली होती, आणि यंत्र सायीला खायला मिळावं म्हणून वरून निळा उजेड ओतत होतं. ज्या विषयात आपण पहिला वर्ग मिळवला तो आपल्याच हळदीच्या दिवशी आठवू नये, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून बाईंच्या चपला वाजल्या. वरमाईची जरीची साडी आणि गळ्यात सोसायटीच्या किल्ल्या अशा त्या आल्या.

"काकू, आधी दिवे बंद करा," शर्वरी म्हणाली. "हळदीनं होतंय हे. निळा उजेड आहे तोवर साय मरत राहणार."

बाईंनी एकदा पाण्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "दिवस मावळेपर्यंत दिवे घालवायचा अधिकार सेक्रेटरीला आहे," त्या म्हणाल्या आणि खटका खाली केला. मग मल्हारला म्हणाल्या, "घरोघर जाऊन सांग. नळ बंद. खाली थेंब उतरायला नको."

"एवढ्यानं भागणार नाही काकू. फार वेळ अंधारात राहिली तरी ती मरते. हळद मोडायला पाहिजे. चुन्याची निवळी ओतली तर..."

"कुंडात हातानं काही टाकायला सभेची मंजुरी लागती."

"सभा भरवत बसलो तर उशीर होईल."

"आणि तुझं चुकलं तर?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "पाणी सगळ्यांचं आहे, पोरी. मी एकटीनं चुना ओतला आणि साय मेली, तर उद्या बिऱ्हाडं हलवताना लोकांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? घंटा वाजव रे मल्हार."

ज्या मांडवात गाणी चालली होती तिथेच सभा भरली. सनईवाल्याने सनई मांडीवर ठेवली. निम्मे सभासद पिवळ्या तोंडांनी खुर्च्यांवर बसले, पाहुणे आणि भाडेकरू कनातीला टेकून उभे राहिले. अध्यक्ष बसवंतअप्पा उटगे डाळमिलचे मालक, मऊ स्वभावाचे आणि बाईंच्या शब्दाबाहेर नसलेले. ते काही बोलायच्या आत बाई उभ्या राहिल्या.

"हळदीला परवानगी मी दिली होती. त्यात चूक झाली ती माझी, तसं इतिवृत्तात लिहा. आता पुढं काय करायचं ते ठरवू."

शर्वरी पुढे झाली. "मी सांगते. कुंडात हळद..."

"हरकत आहे," रमाकांत हुडे म्हणाले. हुडे निवृत्त तलाठी. कुणाशी वैर नसलेले, पण सभेत हरकत घेतल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. "ही मुलगी भाडेकरूची. सभेत सभासदांनीच बोलायचं, हे बाईंनीच आम्हाला शिकवलंय."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. शर्वरीनेही पाहिलं. होणाऱ्या सुनेसाठी, बुडत्या कुंडासाठी, आज तरी त्या नियम बाजूला ठेवतील असं तिला मनापासून वाटलं.

"हरकत बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "शर्वरी, तू बोलू नको."

मग त्यांनी बोट फिरवत डोकी मोजली. भाडेकरू आणि पाहुणे वगळले. "गणसंख्या भरंना. सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं ह्याच ठिकाणी भरेल, तेव्हा गणसंख्येची अट नाही."

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा जिन्याशी जाऊन उभी राहिली. हळद वाळून कातडी ओढली जात होती. बाबा तिच्याजवळ आले. "शांत हो बाळा, बस जरा," ते म्हणाले आणि त्या 'बस'ने तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मी आईला समजावून बघू का?" मल्हारने विचारलं.

"तुझ्या आईला आजवर कुणी समजावलंय?"

तेवढ्यात बाईंनी तिला हाक मारली. जिन्याखालच्या कार्यालयात व्यवस्थापक समिती जमली होती. बाईंनी अर्ज लिहून उटग्यांपुढे ठेवला होता. आपल्या घराच्या भागात शर्वरी विश्वनाथ सोनटक्के हिला सह-सभासद करून घ्यावं, अशी त्यात विनंती होती. शर्वरीला आधी नीट कळेना. सभेपुढचं कामकाज थांबवायचं आणि तेवढ्या वेळात हे उरकायचं, म्हणून बाईंनी तो अर्धा तास घेतला होता.

उटगे घुटमळले. "बाई, सह-सभासद कुटुंबातलाच लागतो. लग्न तर उद्या आहे."

बाईंनी शर्वरीचं मनगट धरून त्यांच्या नाकासमोर केलं. "ही हळद कुणाची आहे? माझ्या लेकाच्या अंगावरची उष्टी. ही लागल्यावर पोर माहेरची राहती का सासरची, ते तुम्हीच सांगा अप्पा. अजून काय दाखला पाहिजे?"

उटगे हसले आणि त्यांनी सही केली. समितीतल्या बाकीच्यांनीही केली. शर्वरीने सही केली तेव्हा कागदावर तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला.

"आता अजून एक," बाई म्हणाल्या. "मूळ सभासद हजर असला तर सह-सभासदाला बोलता येत नाही, मतही देता येत नाही. म्हणून मी सभेला नाही. काय खरं असंल ते सांग. जास्तीचं सांगू नको."

त्यांनी गळ्यातल्या किल्ल्या काढून उटग्यांच्या हातात दिल्या. सोसायटी झाल्यापासून बाईंनी एकही सभा चुकवली नव्हती, नवरा गेल्याच्या महिन्यातलीसुद्धा नाही. मांडवातल्या सगळ्यांच्या देखत त्या फाटकाबाहेर गेल्या आणि ऐकू येऊ नये इतक्या लांब, रस्त्याच्या कडेला, पाठ करून उभ्या राहिल्या. कडक उन्हात ती जरीची साडी लखलखत होती. शर्वरीचा राग कुठल्या कुठे गेला. आपल्याला बोलता यावं म्हणून या बाईने स्वतःला गप्प केलं, हे तिला कळलं.

सभा पुन्हा भरली. हुड्यांनी सह-सभासदत्वाचा कागद उलटसुलट वाचला आणि मान डोलावली. "आता बोल बाळ. आता हरकत नाही."

शर्वरीने निळ्या उजेडाचं आणि हळदीचं सांगितलं. मग विचारलं, "हळदीत चुना घातला की काय होतं?"

"कुंकू होतं की," कनातीकडून एक आजी म्हणाल्या.

"तेच. हळद लाल होते, आणि चुन्याच्या पाण्यात असली की काही तासांत तिचे तुकडे पडतात. त्या तुकड्यांपासून सायीला भीती नाही. आपलं शेवाळ लोणारच्या तळ्यासारख्या क्षारयुक्त पाण्यातल्या जातीचं आहे, त्याला चुना सोसतो. तोवर लाल दिवे तेवढे लावायचे. लाल उजेडात हळद गप्प राहते आणि शेवाळाला मात्र खायला मिळतं."

"खात्री आहे?" हुड्यांनी विचारलं.

हो म्हणून टाकावं, असं तिला फार वाटलं. एका शब्दात काम झालं असतं.

"प्रयोगशाळेत ताटलीएवढ्या सायीवर करून पाहिलंय," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या कुंडावर नाही. जिवाणू थोडे मरतील. चुना जास्त झाला तर सगळेच मरतील. काहीच केलं नाही तर रात्रीपर्यंत नक्की मरतील, एवढं मी सांगू शकते."

कुणीतरी कंपनीच्या माणसाची वाट पाहू म्हणालं. कुणी म्हणालं, नवरीमुलगी उगीच कशाला जबाबदारी घेईल. दोन्ही बाजूंनी बोलून झाल्यावर उटग्यांनी हात वर करायला सांगितले. बाजूचे मोजले, विरोधातले मोजले, पुन्हा मोजले. दोन्हीकडे सारखेच भरले. हुडे विरोधात होते.

शर्वरी मान खाली घालून उभी होती. संपलं, असंच तिला वाटलं.

"एक मत राहिलंय," उटगे म्हणाले. "देवणीकरांच्या घराचं."

ते कुणाचं, हे तिच्या डोक्यातच शिरेना. बाईंनी सांगितलं होतं, पण सभेत आपल्याला हात असतो हे अजून तिच्या अंगवळणी पडलं नव्हतं. मग बाबांकडे लक्ष गेलं. ते कनातीजवळ ताठ उभे होते आणि आपला हात जरासा उचलून, असा, असं तिला दाखवत होते. तिने आपला पिवळा हात वर केला.

पुढची धांदल पाहण्यासारखी होती. बाजारातून चुन्याची पोती आली. आचाऱ्याने जेवणावळीसाठी आणलेल्या मोठ्या पातेल्यांत, पिण्यासाठी राखलेलं पाणी ओतून चुना भिजवला, निवळी वर येऊ दिली. सगळ्यांत जास्त आरडाओरडा करून निवळी गाळायला उभे राहिले ते हुडे. ठराव पास झाला म्हणजे तो आपलाच ठराव, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणाच्या नळाला त्या दिवशी चोरून पाणी सुटलं नाही. नवरदेवाकडचे लहान मूल असलेले पाहुणेही ओल्या फडक्यावर भागवत होते. यंत्राला एवढ्या लोकांचे हात धरता आले नसते; सगळ्यांच्या मताने ठरलेलं होतं म्हणून सगळे पाळत होते, हे शर्वरीला तेव्हा उमगलं.

बाईंना आणायला तीच गेली. त्या अजून पाठ करूनच उभ्या होत्या.

"सभा संपली?"

"संपली. ठराव मंजूर. एका मतानं."

"मग चल," एवढंच म्हणून बाई निघाल्या. वाटेत मावशीने अडवलं. नवरी न्हाणाशिवाय बोहल्यावर कशी चढणार, असं तिचं म्हणणं होतं. "हळदीच्या अंगानं चढेल," बाई म्हणाल्या. "मी सासू आहे, माझी हरकत नाही."

तळघरात लाल दिवे लागले होते. शर्वरीने निवळी थोडी थोडी ओतली, दर खेपेला पाण्याची क्षारता तपासली. जिथे धार पडे तिथे पिवळ्या पाण्यात कुंकवाचा ढग उठे. शेवटी सगळं कुंड लालभडक झालं आणि ते पाहून वरून डोकावणाऱ्या बायकांनी नकळत हात जोडले. आता वाट पाहण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. बाकीची माणसं हळूहळू वर गेली. दोघी तेवढ्या पायरीवर बसून राहिल्या.

दिवस कलेपर्यंत लाली विटत गेली. पडद्यांची कड गळून गेली होती, मधला भाग मात्र अजून धरून होता. तो जिवंत होता की नुसता चिकटून होता, हे दिसत नव्हतं.

"काकू," शर्वरी म्हणाली, "तुम्ही आत असता तर बाजूनं मत दिलं असतं ना?"

"नसतं दिलं."

शर्वरीने चमकून पाहिलं.

"मला ह्यातलं काय कळतंय?" बाई म्हणाल्या. "न कळणाऱ्या गोष्टीला मी जन्मात हात वर केला नाही. तू कितीही जवळची असलीस तरी केला नसता. आणि मी तिथं असते तर माझं बघून अजून दोघातिघांनी हात खाली ठेवला असता. म्हणून तर ज्याला कळतंय त्याला माझ्या जागी बसवलं आणि मी उठून गेले."

आज एका मताने वाचलेलं हे पाणी बाईंनी आपल्या मताने बुडवलं असतं, आणि ते ठाऊक असल्यासारख्या त्या स्वतःच उठून फाटकाबाहेर गेल्या होत्या. तिने त्यांचा हात हातात घेतला. बाईंनी तो काढून घेतला नाही.

पडद्याच्या मध्यावर एक बुडबुडा धरला. बराच वेळ तिथेच राहिला, मग सुटून वर आला. त्याच्या मागून दुसरा आला, मग पडद्याच्या खालच्या अंगाने बारीक रांगच सुरू झाली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"प्राणवायू," शर्वरी म्हणाली. "श्वास घेतेय ती."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि त्या उठल्या. पुढच्या सभेत उपविधींत हळदीचं कलम घालावं लागेल, त्याचा मसुदा तू कर, असं त्यांनी तिला सांगितलं. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन त्या थांबल्या आणि शर्वरीच्या बाबांना मोठ्याने हाक मारून म्हणाल्या, "सोनटक्के, खाली या. तुमच्या लेकीनं काय केलंय ते बघा येऊन."